घरटी एक पान

वाचनालयाचं डिजिटायझेशन होणार ही बातमी नंदनवन वस्तीत सकाळी पोचली आणि दुपारच्या चहापर्यंत त्या शब्दाचे घरोघरी वेगवेगळे अर्थ झाले. शोभाताईंना वाटलं, पुस्तकांचंही आता आधार कार्ड निघणार. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर ठरलं, की पुस्तकं टीव्हीवर लागणार. मैत्री वाचनालयाचे अध्यक्ष मनोहरराव हे वीज खात्यातून निवृत्त झालेले. ज्या वस्तूला वायर आहे तिच्याबद्दल अखेरचा शब्द आपला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. ते म्हणाले, "काही विशेष नाही गा. पुस्तकं कम्प्युटरमध्ये टाकायची. टाकली का झालं. मीटरचं रीडिंग घेतल्यासारखंच आहे."

आता जगात जी जी कामं 'टाकली का झालं' अशी असतात, ती टाकायला एक बाई लागते. मैत्री वाचनालयात ती बाई म्हणजे ग्रंथपाल अपेक्षा. एका हाताने पुस्तकावर शिक्का मारायचा आणि दुसऱ्या हाताने दीड वर्षाच्या खुशीच्या तोंडातून शाईचं पॅड काढायचं, हे तिला इतकं सवयीचं झालं होतं, की घरी पोळ्या लाटतानाही तिचा डावा हात अधूनमधून कोणाच्या तरी तोंडाकडे जाई. खुशीला सांभाळायला दिवसा घरी कोणी नव्हतं, आणि स्वतःला सांभाळायला खुशी अजून तयार नव्हती. म्हणून मायलेकी दोघी कामावर येत. हजेरीपटावर एकीचंच नाव होतं, एवढाच फरक.

अपेक्षाने हे काम कुरकुर न करता घेतलं, त्याला कारण होतं. वाचनालयाच्या मागच्या भिंतीशी दोन अवाढव्य लोखंडी कपाटं खिडकी अडवून उभी होती. ती हलवून तिथे लहान मुलांचा कोपरा करावा, हे खुशी पोटात होती तेव्हापासून तिच्या मनात होतं. खाली सतरंजी, पोरांच्या हाताला येईल असं बुटकं शेल्फ, खिडकीतून येणारं ऊन, आणि 'शांतता राखा' ही पाटी कुठेही नाही. आत्ता वस्तीतली पोरं शाळेतून येताना वाचनालयाच्या पायऱ्यांवर टेकत. एखादं पोर आत आलंच, तर मोठी माणसं त्याच्याकडे असं पाहत, की ते पोर चित्रांचं पुस्तक तिथेच ठेवून बाहेर पडे.

मनोहररावांना तिने हे इतक्या वेळा विचारलं होतं, की अखेर ते म्हणाले, "बेटा, हे डिजिटायझेशन पार पाड. डबल प्रती निघाल्या का कपाटं निघतील, कपाटं निघाली का कोपरा तुझा. पण तपासणीत पास झालं पाहिजे. नाही झालं, तर अभ्यासिकेची टेबलं येऊन राहिली तिथं. परीक्षावाल्या पोरांचा अर्ज आला आहे, अन माझी सही तयार आहे."

मनोहररावांची सही कायमच तयार असे. प्रश्न फक्त कागद कोण आधी आणतं, एवढाच असे.

ज्या संस्थेची ही योजना होती, तिने आधी प्रशिक्षण ठेवलं. तिथले सर म्हणाले, या कामात स्कॅनर सगळ्यात शेवटी येतो, आधी येतं नियोजन. अपेक्षाला हे इतकं पटलं, की तिने ड्रॉइंग शीटवर चार रंगांत वेळापत्रक काढलं. निवड, साफसफाई, स्कॅनिंग, तपासणी. नवरा अंकुश बँकेत. तो म्हणाला, "एक्सेलमध्ये कर नं, कागदावर काहून?" ती म्हणाली, कागद भिंतीवर सगळ्यांना दिसतो. तो खरंच सगळ्यांना दिसला, म्हणजे खुशीलाही दिसला. वेळापत्रकाचा खालचा कोपरा, अर्थात संपूर्ण तपासणी आणि स्कॅनिंगचा थोडा भाग, तिने दुपारच्या झोपेआधी खाऊन टाकला. पुढे जे घडलं ते पाहता या मुलीला नियोजनातली उपजत जाण होती, असंच म्हणावं लागेल.

स्कॅनर आला तो भल्यामोठ्या खोक्यातून. काळ्या तंबूसारखं यंत्र, वर दोन कॅमेरे, आणि खाली पुस्तक अर्धवट उघडं ठेवायला एक खोलगट आसन. पुस्तकाची पाठ मोडू नये म्हणून केलेल्या त्या आसनाला प्रशिक्षणातले सर 'पाळणा' म्हणत. पुस्तकाला पाळणा मिळाला आणि खुशीला खोकं. थर्माकोल काढून गोधडी अंथरल्यावर ती त्यातून फक्त डोकं बाहेर काढून बसे, आणि पुस्तक बदलायला आलेल्या माणसाला आपला चमचा देई. स्कॅनरचा मुक्काम थोड्या दिवसांचा होता. इथून तो काटोलच्या वाचनालयाला जायचा होता, आणि काटोलचे लोक रोज फोन करून 'झालं का, झालं का' विचारत होते.

पहिली पायरी निवड. नियम साधा होता : एका पुस्तकाची एकच प्रत घ्यायची, ती सगळ्यात चांगली घ्यायची, उरलेल्या प्रती डबल. कागदावर हे वाचताना कोणालाही धोका दिसला नसता. अपेक्षालाही दिसला नाही, कारण तिने मागची कपाटं बऱ्याच दिवसांत उघडली नव्हती.

मैत्री वाचनालयाची एक रीत होती. वस्तीत बाळाचं नामकरण असो, कोणाचा मंगल परिणय असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, त्या घराने वाचनालयाला एक पुस्तक द्यायचं आणि पहिल्या पानावर नाव आणि निमित्त लिहायचं. जेवणावळी कमी करा आणि पुस्तकं वाढवा, असं मागच्या पिढीने ठरवलं होतं. जेवणावळी काही कमी झाल्या नाहीत, पण पुस्तकाची रीत टिकली. फक्त व्हायचं असं, की आचारी, मंडप, भन्तेजी, सगळ्यांना सांगून झाल्यावर ऐन वेळी घरातलं कोणीतरी ओरडे, "अरे, पुस्तक राहिलं नं!" तेवढ्यात सीताबर्डीच्या बाजारात जाऊन पुस्तक आणणं शक्य नसे. मग पावलं वळत ती दादाजींच्या घराकडे.

दादाजी म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे नव्वदीला टेकलेले गृहस्थ. सरकारात विहिरी खोदण्याच्या खात्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्तीच्या थोडं आधी त्यांनी 'आपली विहीर : खोदकाम आणि निगा' हे पुस्तक लिहून स्वतःच छापलं. ते इतकं छापलं, की त्यांच्या घरातल्या दोन खाटा पायांवर नाही, गठ्ठ्यांवर उभ्या होत्या. दादाजींचं अक्षर मोत्यासारखं. तुम्ही दार वाजवून निमित्त सांगेपर्यंत त्यांचं पेन उघडलेलं असे.

परिणाम असा, की मागची दोन्ही कपाटं विहिरीने भरलेली निघाली. नवरा-नवरी सुखाने नांदावे म्हणून विहीर, बाळ उदंड वाढावं म्हणून विहीर, माणूस गेला की त्याच्या आठवणीत विहीर. नंदनवनात नळ आहेत, बोअर आहेत, उन्हाळ्यात टँकरही येतात. विहीर खोदायला निघालेला माणूस मात्र इतक्या वर्षांत एकही भेटला नव्हता, आणि हे पुस्तक वाचायला म्हणून आजवर कोणी घरी नेलं नव्हतं.

अपेक्षाने नियमाप्रमाणे सगळ्या प्रती तपासल्या. सगळ्यात स्वच्छ निघाली ती प्रेमानंद आणि शामला यांच्या लग्नातली. कोरी करकरीत. तिने निवडलेल्या पुस्तकांची नावं फळ्यावर लावली, 'आपली विहीर'समोर 'प्रत : प्रेमानंद-शामला' असं लिहिलं, आणि खुशीला घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच पायऱ्यांवर माणसं उभी होती. एवढी गर्दी पाहून तिला क्षणभर वाटलं, वस्तीला वाचनाची गोडी लागली.

"जयभीम. मले एक सांग वं अपेक्षा," शोभाताई पुढे झाल्या, "आमच्या ह्यांच्या पुण्यानुमोदनाचं पुस्तक काहून नाही घेतलं? प्रेमानंदचं लग्न आत्ता झालं. आमचे हे त्याच्या कितीतरी आधी गेले. आधीचा मान कोणाचा?"

"काकू, मान नाही हो, पानं स्वच्छ पाहिजेत..."

"म्हणजे आमच्या ह्यांची पानं घाण होती?"

शोभाताईंचे यजमान हयातभर कडक इस्त्रीत वावरलेले. त्यांच्याबद्दल हा शब्द आल्यावर गर्दीतल्या दोन बायकांनी पदर तोंडाला लावला. कोणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. कोणी म्हणालं, मतदान घ्या. एक गृहस्थ आपली प्रत कपाटातून काढून रुमालाने पुसायलाच बसले. प्रेमानंद गर्दीच्या मागे उभा राहून "आपण काही म्हटलं नाही हं, आपण काही म्हटलं नाही," असं सगळ्यांना सांगत होता, आणि शामला त्याला कोपराने ढोसत होती, की निवडलं आहे तर बोल नं काहीतरी.

मनोहरराव आले. त्यांनी हात वर करून शांतता केली, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि अध्यक्षाला शोभेल असा निर्णय दिला. "अपेक्षा पाहून घेईल."

अपेक्षाने पाहून घेतलं. रात्रभर नाही, खुशीला वरण-भात भरवता भरवता. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, एक घास मनीमाऊचा असं चाललं असताना तिचा हात थांबला. ताट एक, घास प्रत्येकाच्या नावाचा! पुस्तक एकच स्कॅन करायचं ना? मग करू. पण पहिलं पान एका घरच्या प्रतीतून, दुसरं दुसऱ्या घरच्या, तिसरं तिसऱ्या. घरटी एक पान. पुस्तकही एक आणि वस्तीही त्यात पूर्ण. या कल्पनेवर ती इतकी खूष झाली, की पुढचे तीन घास तिने स्वतःच खाल्ले आणि खुशीने त्याचा निषेध नोंदवला.

वस्तीलाही कल्पना पसंत पडली. म्हणजे रात्रीपर्यंत पसंत होती. अंकुशने अखेर एक्सेल उघडलं, पानं आणि घरं समोरासमोर मांडली, आणि सकाळी ती यादी फळ्यावर लागली. भांडण मिटलं नाही, फक्त त्याला पान क्रमांक मिळाले.

नुकतंच लग्न झालेल्या एका जोडप्याच्या वाट्याला 'विहीर कोरडी पडण्याची लक्षणे' आली. नवरीच्या आईने वर्धेहून फोन केला. एका नामकरणाला 'विहिरीत पडलेले जनावर कसे काढावे' मिळालं. लेखकाचा फोटो असलेल्या पानासाठी तीन घरांनी अर्ज केले, पैकी एक अर्ज फोटोवाल्याच्या घरातूनच, म्हणजे दादाजींच्या सुनेचा होता. मनोहररावांना पान एक हवं होतं. ते त्यांनी अध्यक्ष या नात्याने आधीच घेऊन टाकलं होतं, आणि नंतर त्यांच्या लक्षात आलं, की पान एकवर फक्त अनुक्रमणिका आहे.

पण सगळ्यात मोठं दुःख शोभाताईंचं. त्यांच्या वाट्याला एक्केचाळीसावं पान आलं आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गाळ काढणे'.

"गाळ?" त्या म्हणाल्या. खुर्चीवर बसून पाणी मागितलं.

"काकू, गाळ काढला तरच पाणी गोड होते," अपेक्षाने घाईघाईने सांगितलं. "विहिरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे ते. कोणालाबी देता येत नाही."

शोभाताईंनी पाणी संपवलं. "हौ," त्या विचार करून म्हणाल्या, "ह्यांचं सारं आयुष्य दुसऱ्याचं निस्तरण्यातच गेलं तसं." आणि समाधानाने उठल्या.

बेचाळीसावं पान प्रेमानंदचं. त्याच्याही वाट्याला गाळच यायचा होता, कारण प्रकरण पुढे चालू होतं. पण त्याने आपली प्रत उघडून पाहिली तर त्यात छान हातपंपाचं चित्र. आपल्यावर गाळ आला नाही हे बघून तो शहाण्या माणसासारखा गप्प बसला. या एका शहाणपणाने पुढे सगळ्यांना विहिरीत घातलं.

स्कॅनिंगचे दिवस मात्र झकास गेले. बाकीची पुस्तकं अपेक्षाने पटापट उरकली. विहिरीचा दिवस आला तेव्हा माणसं नटून आली. फोटो निघणार पानाचा, पण साड्या ठेवणीतल्या. आपापली प्रत पाळण्यात ठेवायची, पान उघडायचं, कॅमेऱ्याचा उजेड पडला की शेजारी उभं राहून मोबाईलमध्ये आपलाही एक फोटो काढायचा. कोणी पेढे आणले. खुशीने खोक्यातून हात बाहेर काढून येणाऱ्या प्रत्येकाकडून कर वसूल केला. अपेक्षा एकेका पानाचा आकडा मोठ्याने म्हणत खूण करत होती. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. एकही आकडा चुकला नाही. ती आकडे वाचत होती, मजकूर वाचायला तिला उसंत नव्हती. आणि खरं सांगायचं तर विहिरीचा मजकूर आजवर कोणीच वाचलेला नव्हता.

तो वाचला मोनाली मॅडमनी.

मोनाली मॅडम संस्थेकडून तपासणीला आल्या त्याच दिवशी संध्याकाळी काटोलची गाडी स्कॅनर न्यायला येणार होती. वयाने अपेक्षाएवढ्याच, पण चेहरा परीक्षेच्या पेपरासारखा. चहा नको, पोहे नको, पंखा थोडा कमी करा. वाचनालयाचं सगळं मंडळ आणि पानांचे मानकरी भिंतीशी ओळीने बसले. एकेक पुस्तक पडद्यावर येत होतं आणि मॅडम 'ठीक' म्हणत होत्या. अपेक्षाच्या मनात बुटक्या शेल्फला पिवळा रंग देऊन झाला होता. तेवढ्यात मॅडमनी विहीर उघडली. पानं उलटता उलटता त्या थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"हा माणूस वर कधी येतो?"

"कोणता माणूस?" मनोहररावांनी दाराकडे पाहिलं.

मॅडमनी मोठ्याने वाचलं. पान एक्केचाळीसच्या शेवटी लिहिलं होतं, 'कमरेला दोर घट्ट बांधून एका माणसाने सावकाश खाली उतरावे. माणूस तळाशी पोचला की त्याला'. पान बेचाळीस सुरू होत होतं ते असं, 'फडक्याने कोरडे पुसून, तेल देऊन, पुढील उन्हाळ्यापर्यंत माळ्यावर ठेवावे.'

वाचनालयात अशी शांतता पसरली, जी पाटी लावूनही कधी पसरली नव्हती.

अपेक्षाने शोभाताईंची आणि प्रेमानंदची प्रत शेजारीशेजारी धरली, आणि तिला सगळं दिसलं. पुस्तकाच्या दोन आवृत्त्या होत्या. दुसऱ्या आवृत्तीत दादाजींनी मधे हातपंपाचं प्रकरण घातलं होतं आणि तिथून पुढची सगळी पानं सरकली होती. जुन्या लग्नांची विहीर वेगळी, नव्या लग्नांची वेगळी. आकडे ओळीने होते, माणूस मात्र मधल्या मधे बुडाला होता.

"माझ्या पानातून तो नीट उतरला होता," शोभाताई उभ्या राहिल्या. "दोर बांधून. वर काढायचं काम पुढच्याचं होतं!"

"काकू, आमच्याकडे तो आलाच नाही," प्रेमानंद म्हणाला. "आमच्याकडे फक्त पंप आहे."

"पुसून माळ्यावर ठेवला माझा माणूस!"

"आमी काहून ठेवू?" आता शामला बोलली. "तुमी पाठवला कधी?"

मोनाली मॅडमनी वही मिटली. पुस्तक एका प्रतीतून सलग पाहिजे, असं नाही चालणार. एक पुस्तक नापास म्हणजे पूर्ण काम नापास, आणि संध्याकाळी गाडी आली की स्कॅनर गेला. गाडीला अजून थोडा वेळ आहे, तेवढ्यात एक प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत स्कॅन झाली तर त्या बघतील. "कोणाची प्रत घेताय?" त्यांनी विचारलं.

हाच तो प्रश्न, ज्याच्यापासून सगळं सुरू झालं होतं. सगळे एकदम बोलायला लागले. मनोहररावांनी खिशातलं पेन काढून हातात घेतलं आणि मागच्या भिंतीकडे, जणू टेबलं किती बसतील असं, पाहिलं. अपेक्षा दोन्ही प्रती छातीशी धरून उभी राहिली. खुशीने खोक्यातून आईचा चेहरा पाहिला, आणि आपला चमचा तिच्यापुढे धरला.

दारात काठी वाजली. शोभाताईंचा नातू धावत जाऊन दादाजींना सांगून आला होता, की तुमच्या विहिरीत माणूस अडकला. दादाजी तसेच निघाले होते, पायात दोन वेगवेगळ्या चपला. धापा टाकत त्यांनी विचारलं, "कोण राहिला खाली?"

त्यांना खुर्चीवर बसवलं, पडद्यावरची दोन पानं दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. तेल देऊन माळ्यावर, इथपर्यंत आले आणि त्यांची हनुवटी हलायला लागली. अपेक्षाला वाटलं, रडताहेत. दादाजी हसत होते. हसता हसता मात्र खरंच डोळे पुसावे लागले.

"उभ्या नोकरीत माझा एक माणूस खाली राहिला नव्हता बेटा," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी मिळून ठेवला."

"आजोबा, एक विचारू?" मोनाली मॅडमच्या चेहऱ्यावरचा पेपर थोडा सोपा झाला होता. "शहरात सगळ्यांकडे नळ. मग लग्नात, बारशात विहिरीचं पुस्तक का?"

"लोकाइले दुसरं आणाले वेळ नसते म्हणून," दादाजी म्हणाले, आणि सगळे खाली पाहायला लागले. "मले माहीत आहे नं, कोणी वाचत नाही ते. पण आमचं गाव कन्हानकडलं. लहानपणी माय मले घेऊन विहिरीपासून लांब उभी राहे. कोणी वरून ओतून देईन तवा पाणी. दुपार होऊन जाये. नोकरी लागली, तवा जिथं बदली झाली तिथं आपल्या वस्तीत आधी विहीर खोदली. काहून खोदली, ते तोंडानं सांगता येते. कशी खोदायची, ते लिहून ठेवा लागते. मी तेवढंच लिहिलं."

मग दादाजींनीच काठी आपटली. "अन कोणाचीच प्रत नको. माझी घ्या, घरची. जा वं कोणी, उशाशी आहे."

यावर एकाही घराने हरकत घेतली नाही. आपली प्रत गेली नाही याचं दुःख होतं, पण शेजाऱ्याचीही गेली नाही, हे समाधान त्याहून मोठं होतं. दादाजींची सून पळत जाऊन पुस्तक घेऊन आली.

अपेक्षाने ते पाळण्यात ठेवलं. आणि मग, पहिलं बटण दाबायच्या आधी, तिने डोळे पुसून विचारलं, "मॅडम, नियम डबलचा आहे नं? विहीर डबल आहे. पण ह्या प्रतींची पहिली पानं पहा. कोणाचं नामकरण, कोणाचं लग्न, कोणाची आठवण. दादाजींच्या अक्षरात. एकही पान दुसऱ्यासारखं नाही. ही पहिली पानं मिळून वेगळं पुस्तक होते."

मोनाली मॅडमनी चार-पाच प्रती उघडल्या. एक पान त्यांनी दोनदा वाचलं. ते एका जुन्या नामकरणाचं होतं. शेजारच्या प्रतीत त्याच मुलाचं लग्न होतं, आणि तिसरीत त्याच्या मुलीचं नामकरण. "लेखक म्हणून कोण लिहू?" त्यांनी विचारलं.

"मैत्री वाचनालयाची घरं," अपेक्षा म्हणाली.

"आणि नाव?"

"सप्रेम भेट."

मॅडमनी पंखा थोडा वाढवायला सांगितला, आणि पोहे आहेत का विचारलं.

मग जी धांदल उडाली ती काय सांगावी. विहीर सलग झाली, माणूस त्रेचाळीसाव्या पानावर सुखरूप वर आला तेव्हा मॅडम 'ठीक' म्हणाल्या आणि शोभाताईंनी टाळी वाजवली. लगेच पहिल्या पानांची रांग लागली. काटोलची गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, त्याला आत आणून चहा दिला. त्याने पुन्हा वाजवायचं ठरवलं, त्याला पेढे दिले. मनोहरराव वायरचा प्लग हाताने दाबून धरून उभे होते, कारण तो ढिला होता आणि हे काम त्यांच्या खात्यातलं होतं. शेवटचं पान झालं आणि यंत्र खोक्यात घालायची वेळ आली. खोक्यात खुशी झोपली होती. तिला गोधडीसकट उचलताना सगळी समिती चवड्यांवर चालत होती.

प्रतींचं पुढे काय, हे विचारायची अपेक्षाची हिंमत झाली नसती. पण दादाजींनीच जाता जाता म्हटलं, "नाव तर आता कम्प्युटरमध्ये राहिलं. पुस्तक घरी न्या. एखांद्यानं वाचलं तर मले सांगा." दोन दिवसांत कपाटं रिकामी झाली. आठवडाभरात दादाजींकडे चारजण येऊन गाळाबद्दल शंका विचारून गेले, त्यात शोभाताई दोनदा.

कोपरा उघडण्याचा कार्यक्रम रविवारी ठरला. मनोहररावांनी लाल फीत बांधली, नवी कात्री आणली, एका पाहुण्यांना बोलावलं आणि भाषणाचा कागद खिशात ठेवला. पाहुण्यांना उशीर झाला. फीत मोठ्या माणसांच्या मापाने छातीइतकी उंच बांधलेली होती, त्यामुळे पोरांना ती अडथळा म्हणून दिसलीच नाही. पोरं खालून सरळ आत गेली, सतरंजीवर पसरली, आणि पिवळ्या शेल्फमधलं जे हाती लागेल ते काढून बसली. खुशी शेल्फच्या खालच्या कप्प्यात जाऊन बसली आणि बाहेर यायला तयार होईना.

मनोहरराव कात्री घेऊन फितीच्या अलीकडे ताटकळत उभे होते. एक चिमुरडी पलीकडून आली, त्यांच्या पँटला धरून ओढलं आणि एक पुस्तक वर केलं. "आबा, वाचून द्या नं."

मनोहररावांनी आजूबाजूला पाहिलं. इतकी वर्षं ते या वाचनालयाचे अध्यक्ष होते, पण पुस्तक हातात देऊन वाचा असं त्यांना इथे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी कात्री अपेक्षाकडे दिली, गुडघ्यांचा कडकड आवाज करत फितीखालून वाकून आत गेले, आणि सतरंजीवर बसून सभेचं इतिवृत्त वाचावं तसं वाचू लागले. "एक हत्ती होता. तो हत्ती नदीवर गेला. तो हत्ती म्हणाला..."

"असं नाही आबा," चिमुरडी म्हणाली, "हत्तीच्या आवाजात."

मनोहररावांनी चष्मा काढला. घसा साफ केला. मग हात नाकाला लावून त्यांनी जो आवाज काढला, तो ऐकून रस्त्यावरून जाणाऱ्या दोन गाड्या थांबल्या, आणि त्यातल्या एकीतून पाहुणे उतरले.

"कार्यक्रम सुरू झाला वाटते?" त्यांनी दारातून विचारलं.

"हौ जी," अपेक्षा म्हणाली, "या, खालूनच या. चपला तेवढ्या तिथं काढा." आणि एका हातात कात्री असल्यामुळे तिने दुसऱ्या हाताने, जरा वाकावं लागेल इतकीच, ती फीत वर उचलून धरली.